पडदा नसलेले नाटक

मॉस्को, नोव्हेंबर १९२०. यादवी युद्ध संपत आलेले, पण शहरात ना पुरेसा पाव, ना जाळायला लाकूड. एका पडक्या, गारठलेल्या थिएटरात माणसे ओव्हरकोट न काढताच 'पहाट' हे नाटक बघताहेत. तिकीट कोणी विचारत नाही, वरून पत्रके पडतात. एका प्रयोगात निरोप्याचे काम करणारा नट संहिता बाजूला ठेवून क्रिमियाच्या आघाडीवरची खरीखुरी बातमी देतो. लाल सैन्याने पेरेकोपची फळी फोडली! पुढचे नाटक कोणाच्या लक्षात राहणार?

ही करामत व्हसेवोलोद मेयरहोल्डची. दर्शनी पडदा काढून टाकणारा, रंगमंच म्हणजे क्रांतीचे हत्यार मानणारा हा दिग्दर्शक. लेनिनच्या पत्नीला, क्रुप्स्कायाबाईंना, मात्र 'पहाट' अजिबात रुचले नाही. तसे त्यांनी 'प्रावदा'त छापूनही आणले.

तो काही कामगाराचा मुलगा नव्हता. १८७४ साली पेन्झा गावी, दारूची भट्टी असलेल्या जर्मन वंशाच्या सधन घरात जन्मला. स्तानिस्लाव्हस्कींच्या मंडळीत १८९८ मध्ये चेखवच्या 'सीगल'मधला त्रेप्लेव्ह त्याने केला. पुढे झारच्या सरकारी रंगभूमीवरही तो वर्षानुवर्षे दिग्दर्शक होता. तरी क्रांतीनंतर नव्या सरकारने कलावंतांना बोलावले, तेव्हा गेलेल्या मोजक्यांत हा होता. १९१८ मध्ये तो पक्षाचा सभासद झाला. काही जण याला संधिसाधूपणा म्हणतील. मला तसे वाटत नाही. सत्ता टिकेल की नाही याची खात्री नसताना संधिसाधू असे पुढे जात नाहीत. पुढच्याच वर्षी शत्रुपक्षाने त्याला तुरुंगातही टाकले होते.

पण हत्यार कोणाच्या हाती जाईल, हे हत्यार घडवणारा ठरवत नसतो. तिशीच्या दशकात, दुष्काळ आणि पंचवार्षिक योजनांच्या धामधुमीत, स्टॅलिनच्या राज्याला सोपी, आज्ञाधारक नाटके हवी होती. मेयरहोल्डच्या कसरतींवर 'रूपवादा'चा शिक्का बसला. डिसेंबर १९३७ मध्ये 'प्रावदा'ने त्याचे थिएटर परके ठरवले आणि जानेवारी १९३८ मध्ये ते बंद झाले. अशा वेळी दार उघडले ते स्तानिस्लाव्हस्कींनी. ज्यांच्या शैलीविरुद्ध हा जन्मभर भांडला, त्या गुरूने त्याला आपल्या ऑपेरा-थिएटरात काम दिले. ऑगस्टमध्ये गुरूही गेले.

२० जून १९३९ ला लेनिनग्राडमध्ये अटक झाली. महिन्याभरात पत्नी, अभिनेत्री झिनाइदा राइख, मॉस्कोच्या राहत्या घरी भोसकून मारली गेली. कोणी मारले, हा प्रश्न आजही मिटलेला नाही. तुरुंगात पासष्टीच्या म्हाताऱ्याला तळपायांवर आणि पाठीवर रबरी पट्ट्याने मारून, ब्रिटन-जपानचा हेर असल्याची कबुली घेतली. बँकेत उभी हयात सह्या पडताळण्यात गेल्यामुळे असेल, त्या कबुलीखालच्या सहीचा विचार माझ्या मनातून जात नाही. जानेवारी १९४० मध्ये मोलोतोवला पत्र लिहून त्याने ती कबुली मागे घेतली. मारहाणीचे सारे वर्णन त्या पत्रात आहे. २ फेब्रुवारीला त्याला गोळी घातली.

१९५५ मध्ये नातीच्या खटपटीने तो निर्दोष ठरला. त्याचे कागद तोवर शाबूत होते. राइखच्या मुलीने ते वेळीच हलवले होते आणि शिष्य आयझेनस्टाइनने, कोणाला पत्ता लागू न देता, आपल्या गावाबाहेरच्या घरात दडवून ठेवले होते.