लायल अल्झाडो : साक्ष खरी, पुरावा वेगळा

जुलै 1991 मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एका माणसाचा फोटो छापून आला. डोक्यावरचे केस गेलेले, त्यावर रुमाल बांधलेला, चेहरा ओढलेला. हाच माणूस काही वर्षांपूर्वी अमेरिकन फुटबॉलमधला सर्वांत दांडगा बचावपटू म्हणून ओळखला जात होता, हे फोटो पाहून कुणालाही पटले नसते. त्याचे नाव लायल अल्झाडो. मेंदूत गाठ निघाली होती आणि तिला आपण वीस वर्षे घेतलेली स्टिरॉइड्स कारणीभूत आहेत, असे त्याने त्या अंकात जगाला सांगितले. आजवर आपण याबाबत खोटे बोलत आलो, ही कबुलीही त्याने दिली. पुढच्या वर्षी, 14 मे 1992 रोजी, वयाच्या 43 व्या वर्षी तो वारला.

व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी औषधे घेण्याचा विषय निघाला की अमेरिकेत आजही अल्झाडोचे नाव घेतले जाते. त्याच्या आयुष्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. मात्र त्याने जे सांगितले आणि वैद्यकशास्त्राला जे सिद्ध करता आले, या दोन गोष्टी एकच नाहीत. तो फरक समजून घेतला तरच त्याच्या इशाऱ्याचा खरा उपयोग होतो.

ब्रुकलिन ते डेन्व्हर

अल्झाडोचा जन्म 3 एप्रिल 1949 चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. बालपण लाँग आयलंडवर गेले. तो शाळेत असतानाच वडील घर सोडून गेले. मारामाऱ्या करणारा, अंगाने धिप्पाड मुलगा अशी त्याची ख्याती होती. फुटबॉल आणि मुष्टियुद्ध या दोन खेळांनी त्याच्या रागाला वाट करून दिली. मोठ्या विद्यापीठांनी त्याला घेतले नाही. टेक्सासमधल्या एका छोट्या कॉलेजातून बाहेर पडून तो साउथ डकोटा राज्यातल्या यँक्टन कॉलेजात पोहोचला. फुटबॉलच्या जगात या कॉलेजचे नाव कुणी फारसे ऐकलेले नव्हते.

तिथून तो व्यावसायिक संघाच्या नजरेत कसा आला, याचा किस्सा सांगितला जातो. डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाचे एक प्रशिक्षक खेळाडू हेरायला निघाले असताना माँटाना राज्यात त्यांची गाडी बंद पडली. वेळ घालवण्यासाठी ते तिथल्या कॉलेजात सामन्याची फिल्म पाहत बसले. पाहायचे होते यजमान कॉलेजचे खेळाडू, पण डोळ्यांत भरला समोरच्या यँक्टनच्या संघातला अल्झाडो. 1971 मध्ये ब्रॉन्कोजने चौथ्या फेरीत त्याची निवड केली.

तो डिफेन्सिव्ह लाइनमन होता. या खेळाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचे तर, प्रतिस्पर्ध्याचा डाव सुरू होण्याआधी दोन्ही संघांच्या भिंती समोरासमोर उभ्या राहतात. बचाव करणाऱ्या भिंतीतल्या खेळाडूने समोरच्या शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाला दोन-तीन सेकंदांत बाजूला सारून, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला गाठून आडवे करायचे असते. एका सामन्यात असे डझनावारी प्रसंग येतात. इथे वजन, ताकद आणि आक्रमकता या तिन्ही गोष्टींना भाव असतो. अल्झाडोकडे त्या भरपूर होत्या.

1977 च्या मोसमात ब्रॉन्कोजच्या बचाव फळीने सारी लीग गाजवली. त्यांच्या नारिंगी जर्सीवरून त्या फळीला 'ऑरेंज क्रश' हे नाव पडले. अल्झाडो तिचा आधारस्तंभ होता. संघ पहिल्यांदाच सुपर बोलच्या अंतिम सामन्यात पोहोचला, तिथे मात्र डॅलसकडून 27-10 असा हरला. 1979 च्या जुलैमध्ये अल्झाडो डेन्व्हरच्या मैदानात चक्क मोहम्मद अलीसोबत आठ फेऱ्यांचा प्रदर्शनीय मुष्टियुद्ध सामना खेळला. त्याच वर्षी तो क्लीव्हलँडला गेला आणि 1982 मध्ये लॉस एंजेलिस रेडर्स संघात आला. संपला असे वाटणारा हा खेळाडू तिथे नव्याने उभा राहिला. जानेवारी 1984 मध्ये रेडर्सने वॉशिंग्टनला 38-9 असे हरवून सुपर बोल जिंकला, तेव्हा अल्झाडो विजेत्या संघात होता.

त्याच्या रागाचे किस्सेही कमी नाहीत. 1982 च्या मोसमातल्या एका बाद फेरीच्या सामन्यात त्याने समोरच्या खेळाडूचे हेल्मेट उपसून त्याच्याच अंगावर भिरकावले. त्यानंतर लीगने अशा कृत्याविरुद्ध नियमच केला. मैदानाबाहेर हाच माणूस आजारी आणि गरजू मुलांसाठी वेळ देत असे. जवळच्यांना तो प्रेमळ वाटे, पण त्याचा पारा कधी चढेल याचा नेम नसे.

गोळीची सुरुवात

अल्झाडोने नंतर सांगितल्यानुसार, त्याने स्टिरॉइड्स 1969 मध्ये, कॉलेजात असतानाच सुरू केली. पहिले औषध होते डायनाबॉल. सिबा कंपनीची ही गोळी अमेरिकेत 1958 मध्ये आली होती. त्याचे वजन झपाट्याने वाढले, ताकद वाढली आणि त्यासोबत चिडचिडही. व्यावसायिक खेळात आल्यावर त्याने ती थांबवली नाहीत. मोसम असो वा नसो, चक्र सुरूच राहिले.

ही औषधे काम कशी करतात? पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार होते. अॅनाबॉलिक स्टिरॉइड्स ही त्याचीच कृत्रिम भावंडे. ती स्नायूंच्या पेशींत शिरून तिथल्या ठरावीक ग्राहींना चिकटतात आणि प्रथिने जास्त बनवण्याचा हुकूम देतात. व्यायामाची जोड मिळाली की स्नायू नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त वाढतात.

इथे वैद्यकाच्या इतिहासातली एक अवघड गोष्ट सांगायला हवी. अल्झाडो ऐन भरात होता त्या काळात, 1977 मध्ये, अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या प्रमुख संस्थेने जाहीर केले होते की स्टिरॉइड्समुळे ताकद वाढते याला ठोस पुरावा नाही. खेळाडू मात्र रोज आरशात फरक पाहत होते. डॉक्टरांना यातले काही कळत नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. साहजिकच, दुष्परिणामांबद्दल डॉक्टर जे सांगत तेही त्यांनी कानाआड केले. संस्थेने 1984 मध्ये भूमिका बदलली. पुढे 1996 मध्ये शलेंदर भसीन यांच्या गटाने काटेकोर प्रयोगातून दाखवून दिले की मोठ्या मात्रेतल्या टेस्टोस्टेरॉनने दहा आठवड्यांत, व्यायाम न करताही, स्नायू वाढतात. तोवर उशीर झाला होता. उपदेश खरा असला, तरी तो करणाऱ्याने एकदा विश्वास गमावला की ऐकणारा उरत नाही.

पुनरागमन आणि आजार

1985 च्या मोसमानंतर अल्झाडो निवृत्त झाला. चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर छोट्यामोठ्या भूमिका करू लागला. पण मैदान सुटेना. 1990 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी, त्याने रेडर्समध्ये परतण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी स्टिरॉइड्सच्या जोडीला वाढीचे संप्रेरकही घेतले, असे त्याने पुढे कबूल केले. गुडघा दुखावला आणि मोसम सुरू होण्याआधीच संघाने त्याला मोकळे केले.

1991 मध्ये त्याला चक्कर येऊ लागली, बोलणे आणि चालणे बिघडले. तपासणीत मेंदूचा लिम्फोमा निघाला. लिम्फोमा म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. तो बहुधा लसिकाग्रंथींत सुरू होतो. थेट मेंदूत सुरू होणारा प्रकार दुर्मीळ आहे. एचआयव्हीची बाधा किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे यांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती दडपलेली असते, त्यांच्यात त्याचा धोका जास्त आढळतो.

स्टिरॉइड्सनी आपली प्रतिकारशक्ती खिळखिळी केली आणि त्यातून हा कर्करोग झाला, अशी अल्झाडोची ठाम समजूत होती. उरलेले दिवस त्याने तरुण खेळाडूंना सावध करण्यात घालवले. केमोथेरपीने थकलेल्या त्या माणसाचे शब्द लोकांच्या मनावर कोरले गेले.

पण हे कारण सिद्ध झालेले नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपासून नंतरच्या संशोधकांपर्यंत कुणालाही अॅनाबॉलिक स्टिरॉइड्स आणि मेंदूचा लिम्फोमा यांच्यातला दुवा दाखवता आलेला नाही. एका माणसाने औषध घेतले आणि त्याला आजार झाला, यावरून औषधानेच आजार झाला असे म्हणता येत नाही. त्यासाठी औषध घेणारे आणि न घेणारे असे अनेक लोक तुलनेला लागतात. आजार दुर्मीळ असेल तर हे काम आणखी कठीण. दुवा नाहीच, असेही कुणी शपथेवर सांगणार नाही. पुरावा नाही, एवढेच म्हणता येते.

सिद्ध झालेले धोके

मग अल्झाडोचा इशारा फोल ठरतो का? अजिबात नाही. त्याने बोट दाखवले मेंदूकडे. नंतरच्या संशोधनाने धोका दाखवला मुख्यतः हृदयात.

2017 मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वजने उचलणाऱ्या 140 पुरुषांची तपासणी केली होती. 86 जण दीर्घकाळ स्टिरॉइड्स घेतलेले होते आणि 54 जणांनी कधीच घेतली नव्हती. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, हे मोजले गेले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण सरासरी 63 टक्के होते, घेणाऱ्यांत 52. जे त्या वेळी औषधे घेत होते त्यांच्यात ते 49 पर्यंत घसरले होते. ज्यांनी थांबवली होती त्यांच्यात 58 होते. म्हणजे बाहेरून पिळदार दिसणाऱ्या शरीरातला सर्वांत महत्त्वाचा स्नायू दुबळा होत होता. हृदयाच्या धमन्यांतले चरबीचे थरही घेणाऱ्यांत जास्त आढळले.

बाकीची यादीही छोटी नाही. चांगले कोलेस्टेरॉल कमी होते, वाईट वाढते. गोळ्यांच्या स्वरूपातली स्टिरॉइड्स यकृताला इजा करतात. बाहेरून संप्रेरक येत असल्याने शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवते, वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात, पुरुषांची छाती वाढू शकते. औषध थांबवल्यावर स्वतःचे संप्रेरक पूर्ववत व्हायला महिनोन्महिने लागतात आणि त्या काळात निराशा घेरू शकते. वाढत्या वयाच्या मुलांत हाडांची टोके वेळेआधी जुळून उंची खुंटते. संताप आणि आक्रमकता काहींमध्ये स्पष्टपणे वाढते. अल्झाडोच्या स्वभावात औषधाचा वाटा किती आणि मूळचा किती, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

अमेरिकेच्या फुटबॉल लीगने 1987 मध्ये स्टिरॉइड्सची चाचणी सुरू केली आणि 1989 पासून दोषी खेळाडूंवर बंदी घालायला सुरुवात केली. म्हणजे अल्झाडो खेळला ती पंधरा वर्षे, 1971 ते 1985, चाचणी नावालाही नव्हती.

दोन गैरसमज टाळा

यात वाचकांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, 'स्टिरॉइड' या एका शब्दाखाली दोन वेगळी कुळे येतात. दमा, संधिवात, त्वचारोग यांवर डॉक्टर देतात ती कॉर्टिकोस्टिरॉइड्स. त्यांनी स्नायू वाढत नाहीत आणि अल्झाडोच्या कहाणीशी त्यांचा संबंध नाही. ही कहाणी वाचून कुणी दम्याचा पंप किंवा चालू असलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ते जिवावर बेतू शकते.

दुसरी गोष्ट आहे घरातल्या तरुणाशी बोलण्याची. काही महिन्यांत अंग विलक्षण भरले, पाठीवर-खांद्यांवर मुरुमांचे पीक आले, चिडचिड वाढली, बॅगेत बिनचिठ्ठीची इंजेक्शने सापडली, तर संशय घ्यायला जागा आहे. ही औषधे आपल्याकडेही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. चोरट्या मार्गाने आलेल्या कुपीत नेमके काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. अशा वेळी मेंदूच्या कर्करोगाची भीती घालू नका. तो मुलगा मोबाइलवर दोन मिनिटांत शोधेल, पुरावा नाही असे वाचेल आणि तुमचे बाकीचे बोलणेही उडवून लावेल. औषधाने अंग भरत नाही, असेही सांगू नका, कारण भरते हे त्याने पाहिलेले असते. हृदयाचे, यकृताचे, मूल होण्याच्या क्षमतेचे काय होते ते सांगा. जे घेत आहेत त्यांनी लाज न बाळगता डॉक्टरांना खरे सांगावे आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, यकृताच्या चाचण्या व इकोकार्डिओग्राम करून घ्यावा. औषध एकदम सोडण्याआधीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अल्झाडोला आपल्या आजाराचे कारण नेमके कळले नसेल. पण वीस वर्षे आपण काय टोचून घेतले, हे त्याने जगासमोर मान्य केले, तेही त्याच्या बरोबरीचे बहुतेक जण गप्प असताना. खेळातल्या औषधांवर अमेरिकेत उघडपणे चर्चा होण्यात त्या कबुलीचा मोठा वाटा आहे.