ऑर्गनवादकाची दुर्बीण



मिस्सेत ऑर्गन वाजविणारा माणूस घरी गेल्यावर काय करतो, हे आपण सहसा विचारीत नाही. इंग्लंडमधील बाथ शहरात असा एक ऑर्गनवादक होऊन गेला. त्याची ओळख आज करून घेऊ या.

विल्यम हर्शेल ह्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील लष्करी बँडमध्ये वादक होते. १७५७ साली युद्धाच्या धामधुमीत विल्यम इंग्लंडला आले. १७६६ मध्ये बाथच्या ऑक्टगन चॅपेलमध्ये त्यांची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. दिवसभर शिकवण्या, तालमी. रात्री खगोलशास्त्राची पुस्तके.

चांगली दुर्बीण परवडणारी नव्हती. म्हणून १७७३ पासून घरातच तांबे व कथील वितळवून आरसे ओतणे सुरू झाले. धाकटी बहीण कॅरोलिन हिला आईने घरकामालाच जुंपले होते. विल्यम ह्यांनी १७७२ मध्ये तिला बाथला आणून गायन शिकविले. आरसा घासताना हात थांबवून चालत नसे. एकदा हे काम सलग १६ तास चालले. तेव्हा कॅरोलिनबाई भावाला घास भरवीत.

१३ मार्च १७८१ च्या रात्री न्यू किंग स्ट्रीटवरील घराच्या परसात विल्यम ७ फुटी दुर्बिणीतून एकेक तारा तपासत होते. एक 'तारा' बिंदूऐवजी चकतीसारखा दिसला. काही रात्रींनी तो सरकलेलाही आढळला. त्यांना तो धूमकेतू वाटला. पण गणितज्ञांनी आकडेमोड केली आणि तो नवा ग्रह ठरला, युरेनस. फ्लॅमस्टीड ह्या नामवंत खगोलशास्त्रज्ञाने १६९० मध्येच तो पाहिला होता, पण तारा म्हणून नोंदवून ते पुढे गेले होते. दिसणे आणि लक्ष देऊन पाहणे ह्यांत एवढे अंतर असते!

१७८२ मध्ये राजाने वार्षिक २०० पौंड दिले. संगीताच्या मिळकतीपेक्षा ते कमीच. तरीही विल्यम ह्यांनी नोकरी सोडली. त्याबरोबर कॅरोलिनबाईंचे गाणेही सुटले. रात्र रात्र थंडीत बसून त्या भावाची निरीक्षणे लिहून घेत. पण त्या नुसत्या मदतनीस राहिल्या नाहीत. १७८६ ते १७९७ ह्या काळात त्यांनी स्वतः ८ धूमकेतू शोधले आणि १८२८ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळविले.

युरेनसला सूर्याभोवती फिरण्यास ८४ वर्षे लागतात. विल्यम हर्शेल २५ ऑगस्ट १८२२ रोजी वारले, तेव्हा त्यांना ८४ वे वर्ष चालू होते. कॅरोलिनबाई १८४८ पर्यंत जगल्या.

ग्रह सापडला तो पोटापाण्याचे काम आटोपून उरलेल्या वेळात, घराच्या परसात. म्हणून आपल्या घरातील कुणी रात्री एखाद्या छंदात गढलेले दिसले, तर त्यास हसू नये, असे आम्हांला वाटते. आणि त्याला घास भरविणाऱ्या व्यक्तीलाही कधीतरी विचारावे: तुझे गाणे कुठवर आले?