काचेच्या नळीतला ठिपका

शिर्डीत साईबाबांच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहिले, की समाधी प्रत्यक्ष दिसण्याच्या कितीतरी आधी ती पडद्यावर दिसते. आज हे पडदे भिंतीवरच्या तसबिरीसारखे चपटे असतात. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत पडदा म्हणजे पोट पुढे आलेली, मागे लांब मान असलेली काचेची जड नळी, हे समीकरण घराघरांत पक्के होते. रामायण, महाभारत, क्रिकेटचे सामने सगळे त्या नळीतूनच घरात आले. 1990 च्या दशकात मुलांचे व्हिडिओ गेम आले, तेही तिच्याच आधाराने. टीव्हीच्या मागे वायर खोचायची, चॅनेल फिरवत राहायचे आणि खरखरीतून एकदाचे चित्र उमटले, की सुटी सार्थकी लागायची.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून हा जुना टीव्ही आणि त्याच्यासोबतचा गेम आजही कुठेकुठे खाली उतरतो. वडील मोठ्या हौसेने तो मुलांना लावून दाखवू जातात. बटण दाबताच आवाज येतो, तेच जुने संगीत वाजते. चित्र मात्र येत नाही. पडद्याच्या मधोमध एक झगझगीत आडवी रेघ तेवढी उमटते. ट्यूब गेली, आता भंगारात द्या, असा निकाल घरात लागतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. ही रेघ म्हणजे नळी जिवंत असल्याचा पुरावाच आहे. एवढेच नव्हे, तर 1897 साली ही नळी जन्माला आली तेव्हा तिच्यावर नेमके एवढेच दिसत होते. हा बिघडलेला पडदा आपल्याला एका माणसाच्या प्रयोगशाळेत नेऊन उभा करतो. त्या माणसाचे नाव कार्ल फर्डिनांड ब्राऊन.

जर्मनीत टीव्हीच्या नळीला कित्येक वर्षे ब्राऊनची नळीच म्हणत, जपानी भाषेतही तिला हेच नाव मिळाले. आपल्याकडे मात्र मार्कोनी शाळकरी पोरालाही ठाऊक आणि त्याच्याबरोबर नोबेल वाटून घेणारा ब्राऊन पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत.

ब्राऊन यांचा जन्म 6 जून 1850 रोजी जर्मनीतल्या फुल्डा या गावी झाला. मारबुर्ग आणि बर्लिन येथे शिक्षण झाले. 1872 मध्ये तारांच्या कंपनांवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण डॉक्टर झाले म्हणून लगेच प्राध्यापकी चालून आली नाही. दोन वर्षांनी लाइपझिगच्या एका नामांकित शाळेत ते मास्तर झाले. मुलांना गणित आणि विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आपले प्रयोग करायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. याच काळात त्यांनी गणित आणि निसर्गविज्ञानाची गोडी लावणारे एक पुस्तकही मुलांसाठी लिहिले. अवघड गोष्ट सोपी करून, डोळ्यांना दिसेल अशी मांडायची, हा मास्तरकीचा संस्कार त्यांच्या अंगी कायमचा राहिला.

शाळेत असतानाच, 1874 मध्ये, त्यांच्या हाती एक विलक्षण गोष्ट लागली. शिशाच्या खनिजासारख्या काही स्फटिकांना धातूचे टोक टेकवून वीज सोडली, तर ती एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने मात्र अडते. विजेला जणू एकेरी रस्ता मिळाला. त्याचा उपयोग काय, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते. पुढे रेडिओ आला तेव्हा असेच स्फटिक त्यात बसले आणि आजचा डायोड त्याच घराण्यातला. व्हिडिओ गेमचा अॅडॉप्टर उघडला तर घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेची शिस्त लावणारे चिमुकले डायोड आत दिसतात. गेमच्या डब्यातली एक गोष्ट आणि त्याचे चित्र दाखवणारा पडदा, दोन्हींचे मूळ असे एकाच मास्तरांपाशी जाते.

त्यानंतर मारबुर्ग, स्ट्रासबुर्ग, कार्ल्सरुहं, ट्युबिंगेन अशी विद्यापीठांची वारी झाली. 1885 मध्ये अमेली ब्यूलर यांच्याशी विवाह झाला. पुढे दोन मुले आणि दोन मुली झाल्या. 1895 मध्ये ब्राऊन स्ट्रासबुर्गला भौतिकशास्त्र संस्थेचे प्रमुख म्हणून परतले. आयुष्यातले सर्वांत मोठे काम त्यांच्या हातून इथेच झाले.

त्या काळी शहरांतून नव्याने वीज येऊ लागली होती. ही वीज सेकंदाला अनेकदा दिशा बदलते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण तो बदल होतो कसा, हे डोळ्यांनी पाहायची सोय नव्हती. काटा असलेले मापकयंत्र लावावे, तर काटा हलेपर्यंत वीज कितीतरी वेळा उलटून गेलेली असे. काट्याला वजन असते, हीच अडचण होती. ब्राऊन यांनी वजनच जवळजवळ नसलेला काटा शोधला. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत उच्च दाबाची वीज सोडली, की किरण निघतात. त्या किरणांना बारीक भोकातून जाऊ दिले आणि समोर चमकणारे द्रव्य फासलेली अभ्रकाची चकती ठेवली. चकतीवर प्रकाशाचा एक ठिपका उमटला. नळीच्या मानेशी तारेचे वेटोळे ठेवून त्यातून शहराची वीज सोडली आणि ठिपका वरखाली नाचू लागला. इतक्या वेगाने, की डोळ्याला एक सरळ रेघच दिसावी.

ज्यांनी लहानपणी स्पीकरचे लोहचुंबक टीव्हीजवळ नेऊन चित्र वेडेवाकडे केले आणि त्यापायी धपाटा खाल्ला, त्यांनी नकळत ब्राऊन यांचाच प्रयोग केला होता. चुंबकाने किरण वाकतो, या एका गोष्टीवर ही सगळी किमया उभी आहे.

पण नुसत्या रेघेवरून विजेची लाट कशी कळणार? ब्राऊन यांनी ती रेघ फिरत्या आरशात पाहिली. आरसा फिरला, की रेघ बाजूला पसरते आणि तिची सुरेख लाट होते. 15 फेब्रुवारी 1897 ही तारीख घालून त्यांनी हा शोध लिहून काढला आणि जर्मन शास्त्रीय नियतकालिकात छापून टाकला. पेटंट घेतले नाही. ज्याला हवी त्याने नळी करावी, वापरावी. चित्र दाखवणे हा तिचा हेतूच नव्हता; विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना वीज डोळ्यांनी दिसावी, एवढ्यासाठी ती केली होती. दोन वर्षांनी त्यांचे सहायक योनाथन झेनेक यांनी आरसा काढून टाकला आणि किरणाला आडवे ओढणारे दुसरे वेटोळे बसवले. आता ठिपका उभाही हलू लागला आणि आडवाही. पुढे येणाऱ्या टीव्हीचा सांगाडा इथे तयार झाला.

माळ्यावरच्या त्या टीव्हीकडे आता पुन्हा पाहू. आपल्याकडच्या टीव्हीत ठिपका पडद्यावर 625 ओळी आखतो आणि सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली उतरतो. त्यासाठी नळीच्या मानेवर वेटोळ्यांचे दोन संच असतात. पडद्यावर फक्त आडवी रेघ दिसते, तेव्हा ठिपका आडवा धावतो आहे, खाली उतरणे तेवढे थांबले आहे. म्हणजे दोन दिशांपैकी एकच उरली आणि टीव्ही झेनेक यांच्या आधीच्या काळात गेला. दुरुस्ती करणारा कारागीर अशा वेळी नळीला हात लावत नाही. तो व्हर्टिकल आयसी तपासतो, तिच्या पायांशी ड्राय सोल्डर झाला आहे का ते भिंगातून पाहतो, जवळचा कंडेन्सर फुगला किंवा सुकला आहे का ते बघतो. पुष्कळदा जुना डाग काढून नवे सोल्डर मारले, की रेघ उघडते आणि चित्र पडदाभर पसरते. चित्र वरच्या बाजूला दुमडले, आखडले, तरी संशय आधी कंडेन्सरवरच जातो. पडदा पूर्ण काळा असेल तर उच्च दाब पुरवणाऱ्या ईएचटीकडे नजर वळते. नळी खरोखर थकली, तर चित्र मंद आणि पुसट होत जाते. ते दुखणे वेगळे आणि त्याला औषध थोडे.

हे काम घरी करून पाहण्याचे मात्र नाही. रंगीत टीव्हीच्या नळीत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो. ज्याला हे ठाऊक आहे, त्याच्याच हाती पाठीमागचे झाकण उघडू द्यावे.

नळी जगाला देऊन ब्राऊन स्वतः बिनतारी संदेशाकडे वळले. मार्कोनीच्या यंत्रातली ठिणगी थेट अँटेनाशी जोडलेली असे, त्यामुळे संदेश फार दूर जात नसे. ब्राऊन यांनी ठिणगीचे मंडल वेगळे केले आणि दोन वेटोळ्यांच्या मध्यस्थीने शक्ती अँटेनाकडे पोचवली. संदेशांचा पल्ला वाढला. 1909 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि ब्राऊन यांना विभागून मिळाले. एक उद्योजक, एक मास्तर. दोघे प्रतिस्पर्धी एका व्यासपीठावर आले.

पण या बिनतारी कामानेच पुढे घात केला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर सेव्हिल येथे जर्मन कंपनीचे बिनतारी केंद्र होते. पहिले महायुद्ध पेटले आणि इंग्रजांनी जर्मनीच्या समुद्रातल्या तारा तोडल्या, तेव्हा या केंद्राचे महत्त्व फार वाढले. मार्कोनी कंपनीने त्यावर पेटंटचा दावा लावला. साक्ष देण्यासाठी ब्राऊन 1914 च्या अखेरीस अमेरिकेला निघाले. वय चौसष्ट, प्रकृती तोळामासा. बरोबर झेनेक होते. साक्षीसाठी मार्कोनीही आले होते. पण 1915 मध्ये इटली युद्धात उतरताच ते मायदेशी परतले. ब्राऊन यांना परतीची वाट उरली नाही. समुद्रावर इंग्रजांचे आरमार होते. 1917 मध्ये अमेरिकाच जर्मनीविरुद्ध उभी राहिली आणि हे वृद्ध नोबेलविजेते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. झेनेक यांना तर स्थानबद्ध करण्यात आले. ब्राऊन ब्रुकलिनमध्ये मुलाच्या घरी राहिले. 20 एप्रिल 1918 रोजी, युद्ध संपण्याच्या काही महिने आधी, तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी विजयादशमीला, 15 ऑक्टोबरला, शिर्डीत साईबाबांनी देह ठेवला. ब्रुकलिनमधल्या प्राध्यापकाची नळी एक दिवस त्या गावाचे दर्शन घरोघर पोचवील, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते. ज्या स्ट्रासबुर्गमध्ये नळी जन्मली, ते शहरही त्या वर्षअखेर फ्रान्सकडे गेले. ब्राऊन यांच्या अस्थी पुढे फुल्डाला नेण्यात आल्या.

पेटंटच्या भांडणाने माणूस परदेशात अडकला. पेटंट न घेतलेली नळी मात्र जगभर मोकळी फिरत होती. 1906 मध्येच डीकमान आणि ग्लागे या दोघांनी ती साध्या आकृत्या उमटवायला वापरली. रशियात रोझिंग यांनी तिच्यावर चित्राचे प्रयोग केले, 1926 मध्ये जपानच्या ताकायानागी यांनी तिच्यावर एक जपानी अक्षर आणले. मग टीव्ही आला. मुंबईला दूरदर्शन 1972 मध्ये पोचले, 1982 च्या एशियाडबरोबर रंग आले आणि पुढे शिर्डीपासून फार लांब नसलेल्या औरंगाबादजवळ, चितेगावला, रंगीत टीव्हीचे संच तयार होऊ लागले.

खेळाची कथा तर आणखी गमतीची आहे. ऑक्टोबर 1958 मध्ये ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपवर टेनिसचा खेळ मांडला. पडद्यावरच्या खेळांच्या इतिहासात त्याचे नाव अगदी आरंभी घेतले जाते. ऑसिलोस्कोप म्हणजे ब्राऊन यांच्याच नळीचे थेट अपत्य, आणि चेंडू म्हणजे तोच नाचणारा ठिपका. ही प्रयोगशाळा आहे त्याच लाँग आयलंडवर, जिथल्या केंद्रासाठी ब्राऊन साक्ष द्यायला आले होते. 1982 मध्ये अमेरिकेत आलेल्या व्हेक्ट्रेक्स या खेळयंत्राला तर स्वतःचीच नळी होती आणि ते ओळी न आखता ठिपक्यानेच चित्राच्या रेषा काढत असे. ते बिघडले, की कधीकधी पडद्याच्या मध्यभागी नुसता प्रखर ठिपका उरतो. असा ठिपका दिसताच यंत्र बंद करायचे असते. एकाच जागी थांबलेला किरण पडद्यावरचे द्रव्य जाळून कायमचा डाग पाडतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जुना गेम नव्या चपट्या टीव्हीला जोडावा. काही खेळ तसे चालतातही. पण बंदूक रोखून बदके टिपण्याचा तो खेळ आठवा. त्या बंदुकीतून काही सुटत नव्हते. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदूक तो उजेड टिपत असे. त्या क्षणाचा हिशेब नळीच्या वेगावर बसवलेला होता. चपटा पडदा चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, आणि नेम कितीही अचूक असला तरी बदक उडून जाते. नळी गेली की तो खेळही गेला.

आता अशा नळ्या बनवणारे मोठे कारखाने बंद झाले आहेत. जेवढ्या शिल्लक आहेत तेवढ्याच. भंगारात टाकलेली प्रत्येक चांगली नळी त्यातून कायमची वजा होते. शिवाय तिच्या काचेत शिसे असते, ते उघड्यावर फुटले तर मातीत जाते. दुरुस्तीचा खर्च परवडेल की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. पण निकाल देण्याआधी तपासून पाहायला काय हरकत आहे? ब्राऊन यांनी जन्मभर हेच केले. न दिसणारी गोष्ट आधी दिसेल अशी करायची, मगच तिच्याविषयी बोलायचे. माळ्यावरून काढलेल्या टीव्हीवर आडवी रेघ उमटली, तर घरातल्या मुलांना जवळ बोलवा. किरण निघतो आहे, पडदा चमकतो आहे, फक्त एक वाट बंद आहे, हे त्यांना समजावून सांगा. मग एखाद्या जाणत्या कारागिराचा पत्ता शोधा. ज्यांनी अजून सोल्डरिंगची कांडी खाली ठेवलेली नाही, अशी माणसे तालुक्याच्या गावांतून अजून सापडतात.