प्येर द फेर्मा

प्येर द फेर्मा (मृत्यू : १२ जानेवारी १६६५, कास्त्र) हे सतराव्या शतकातील फ्रेंच कायदेपंडित व गणितज्ञ होते. संख्याशास्त्रातील 'अखेरच्या प्रमेया'मुळे त्यांचे नाव सर्वपरिचित असले, तरी वैश्लेषिक भूमितीच्या जनकांमध्ये त्यांचे स्थान रने देकार्त यांच्या बरोबरीचे आहे.

दक्षिण फ्रान्समधील बोमाँ-द-लोमान्य येथे एका चामड्याच्या व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १६३१ पासून मृत्यूपर्यंत ते तुलूझच्या उच्च न्यायालयात सल्लागार होते. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा छंद होता.

सरळ रेषेचे समीकरण

ग्रीक गणितज्ञ अपोलोनियस यांच्या लुप्त ग्रंथाची पुनर्रचना करताना फेर्मा यांना बिंदुपथांचे वर्णन बीजगणिताने करण्याची कल्पना सुचली. त्यांनी एकच आधाररेषा घेतली. तिच्यावरील स्थिर बिंदूपासून 'अ' अंतरावर ठराविक कोनात 'इ' लांबीचा रेषाखंड काढला. 'अ' आणि 'इ' यांचे गुणोत्तर कायम राहिल्यास तयार होणारे त्रिकोण समरूप असतात. म्हणून रेषाखंडाचे टोक सरळ रेषेतच सरकते. दोन अज्ञात राशींचे पहिल्या घाताचे समीकरण सरळ रेषा दर्शविते, हे त्यांनी यावरून मांडले. त्यांच्या मांडणीत ऋण निर्देशक नव्हते.

दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचे आजचे सूत्र पुढील काळातले असले, तरी त्यामागे हेच स्थिर गुणोत्तर आहे. उदाहरणार्थ, (२, ३) आणि (५, ९) या बिंदूंमध्ये क्ष ३ ने व य ६ ने वाढतो. चढ २ येतो. रेषेवरील कोणत्याही बिंदूसाठी य − ३ = २(क्ष − २), म्हणजेच य = २क्ष − १. दुसरा बिंदू घालून पडताळा घेता येतो : २ × ५ − १ = ९.

श्रेयाचा प्रश्न

हे विवेचन १६३७ च्या सुमारास हस्तलिखित रूपात पॅरिसच्या विद्वानांपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी देकार्त यांचा भूमितीवरील ग्रंथ लायडन येथे छापून प्रसिद्ध झाला. देकार्त प्रामुख्याने वक्राकडून समीकरणाकडे गेले, तर फेर्मा समीकरणापासून वक्राकडे. त्यामुळे साध्या सरळ रेषेचा विचार फेर्मा यांच्याकडे अधिक स्पष्ट आढळतो. स्पर्शिका काढण्याच्या रीतीवरून दोघांत पुढे कडवट वादही झाला.

छपाईबाबत फेर्मा कमालीचे उदासीन होते. त्यांचे हे लेखन पुत्र साम्युएल यांनी १६७९ मध्ये तुलूझ येथे प्रसिद्ध केले. तोवर ही पद्धत देकार्त यांच्या नावाने रूढ झाली होती. निर्देशकांना आजही 'कार्तीय' असेच म्हटले जाते.