ज्ञानकोशाचा आराखडा आखणारे डॉ. केतकर

अमरावतीत शालेय शिक्षण घेतलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकर यांची ओळख आज 'ज्ञानकोशकार' या एका विशेषणापुरती उरली आहे. जुन्या वाचनालयांत ज्ञानकोशाचे २३ खंड कुठेतरी वरच्या फळीवर असतात आणि त्यांच्याकडे आदराने पाहून वाचक पुढे जातो. पहिला खंड १९२० साली प्रसिद्ध झाला. कामाला आरंभ मात्र त्यापूर्वी चार-पाच वर्षे झाला होता. त्या काळात वाचकाच्या हाती या कोशाचा एकही खंड पडला नव्हता. तरीही केतकरांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड निर्णय याच वर्षांत घेतले गेले.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. त्यांच्या शालेय वयातील अमरावती म्हणजे निजामाच्या नावाचा व इंग्रजांच्या कारभाराचा मुलूख, कापसाची मोठी बाजारपेठ आणि राजकीय जागृतीचे केंद्र. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन या शहरात भरले. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. केतकर तेव्हा तेरा वर्षांचे होते. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून ते १९०६ मध्ये अमेरिकेला गेले. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राच्या दृष्टीने जातिसंस्थेचा अभ्यास केला. भारतातील जातींच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली निघाला आणि १९११ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. परतीच्या वाटेवर ते लंडनला राहिले. तेथेच एडिथ कोहन या ज्यू तरुणीशी त्यांचा परिचय झाला.

१९१२ मध्ये ते स्वदेशी परतले. त्याच वर्षी अकोल्यात हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले. मराठी कथा-कादंबरीला वाचक होता, वऱ्हाडातही होता. मात्र रसायन, कायदा, भूगोल, अर्थशास्त्र यांची माहिती हवी असेल, तर इंग्रजी न जाणणाऱ्या त्या वाचकाला दारच नव्हते. शेजारच्या बंगालीत नगेंद्रनाथ बसू यांनी २२ खंडांचा विश्वकोश १९११ साली पुरा केला होता. ब्रिटानिकाची २९ खंडांची अकरावी आवृत्तीही त्याच सुमारास पूर्ण झाली होती. केतकर काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवीत होते. तो मार्ग सोडून त्यांनी मराठी ज्ञानकोशाचा विचार हाती घेतला.

पहिला प्रश्न पैशाचा होता. राजाश्रय शोधावा, एखाद्या धनिकाची देणगी घ्यावी, की विद्वानांची सभा नेमावी? केतकरांनी निवडला चौथाच मार्ग. ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणून नागपुरात उभी राहिली. भागधारकांचे भांडवल आणि आगाऊ वर्गणीदार यांच्यावर ग्रंथाचा संसार चालावा, अशी ही योजना. महायुद्धामुळे कागद महागलेला आणि माल एकही तयार नाही, अशा वेळी सरस्वतीच्या नावाने भाग विकणे हे धाडस होते; काहींना ते वेडही वाटले असेल. पुढे कामाचे बिऱ्हाड पुण्यास हलले, पण मंडळाच्या नावातील नागपूर कायम राहिले.

दुसरा प्रश्न रचनेचा, आणि माझ्या मते केतकरांची खरी प्रतिभा येथे दिसते. ब्रिटानिकाचे भाषांतर करून भागले असते. परंतु त्या ग्रंथाच्या मध्यभागी इंग्लंड होते, आणि मराठी वाचकाला जग पाहायचे होते ते आपल्या अंगणातून. म्हणून अकारविल्हे लेखांपूर्वी पाच प्रस्तावना खंड योजले गेले: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. 'अ'पासून माहिती मिळेल या आशेने पैसे भरलेल्या वर्गणीदाराच्या हाती प्रथम हे पाच जाड खंड आले. तो बुचकळ्यात पडला असल्यास नवल नाही. मला स्वतःला वेदविद्येवर खर्च झालेली पाने प्रमाणाबाहेर वाटतात.

मग वर्णक्रम. इंग्रजीत २६ अक्षरे. त्यांचा क्रम कुणी वादाला घेत नाही. मराठीत 'अं' कुठे घालायचा, जोडाक्षराचे काय करायचे, 'ज्ञ' हा 'ज'च्या पोटात जातो की शेवटी येतो, हे ठरवल्याशिवाय एक टिपणही जागेवर ठेवता येत नाही. ज्ञानकोशात 'अं'ची नोंद सर्व स्वरांच्या शेवटी येते. म्हणून नववा खंड 'ई'ने सुरू होऊन 'अंशुमान'वर संपतो आणि दहावा 'क'ने उघडतो. संस्कृत कोशांत 'ज'खाली मोडणारा 'ज्ञ' येथे मराठी मुळाक्षरांप्रमाणे अखेरीस आहे. एकविसाव्या खंडाचा शेवट 'ज्ञेयवाद' या नोंदीने होतो. बाविसावा खंड केवळ सूचीचा आहे. एखाद्या विषयाला स्वतंत्र लेख नसला, तरी त्याची माहिती इतरत्र कुठे आली आहे ते त्यात सापडावे, ही सोय. तेविसावा खंड हिंदुस्थानाला दिलेला आहे.

माहितीप्रणालीच्या अभ्यासकांत आज 'डिझाइन सायन्स' नावाची संशोधनपद्धती रूढ आहे. हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये तिचा पाया घातला आणि २००४ नंतर तिला जोर आला. अडचण नेमकी ओळखायची, तीवर एखादी रचना उभारायची, ती वापरात पारखायची आणि उभारताना काय कळले ते पुढच्यांसाठी लिहून ठेवायचे, असा तिचा क्रम. केतकरांनी यातला शेवटचा भागही चुकवला नाही. 'माझे बारा वर्षांचे काम' हे त्यांचे पुस्तक म्हणजे ज्ञानकोश मंडळाचा इतिहासच आहे. एरवी आपल्याकडे ग्रंथ पुरा झाला की सत्कार होतो आणि कचेरीतील कागद रद्दीत जातात.

१९२० साली एडिथ भारतात आल्या. व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू धर्मात घेऊन केतकरांनी त्यांच्याशी विवाह केला आणि त्या शीलवती झाल्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले. ज्ञानकोशाचे काम दशकाअखेर संपले. गुजराती ज्ञानकोशाचा प्रयत्न मात्र तडीस गेला नाही. मराठी माणसाच्या घरात २३ खंड पोहोचवणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या घरात स्वास्थ्य आले नाही. उत्तरायुष्य आर्थिक ओढाताणीत गेले. 'गोंडवनातील प्रियंवदा', 'ब्राह्मणकन्या' अशा कादंबऱ्यांतून ते समाजशास्त्रच मांडत राहिले. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मधुमेहाच्या आजाराने १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५३ वर्षांचे होते.

ज्ञानकोशाच्या कचेरीत तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी तोवर महाराष्ट्र शब्दकोशाचे काम हाती घेतले होते. त्याचा सातवा खंड १९३८ साली बाहेर पडला.