नांगर विकणारा माणूस आणि गावची शाळा

कर्मवीर भाऊराव पाटलांचा पांढऱ्या दाढीचा फोटो आपण पाहिलेला असतो. पण हा माणूस आधी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकत गावोगाव फिरायचा, हे आपल्याकडं फारसं कोणी सांगत नाही. आमच्यासारख्या विस्ताराचं काम करणाऱ्याला त्यात विशेष वाटतं. नांगर खपवायचा तर शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावंच लागतं, आणि ओसरीवर बसलं की घरातलं पोर शाळेत जातं की ढोरांमागं, तेही दिसतं.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कोल्हापूरकडच्या कुंभोज गावचा. घराणं जैन शेतकऱ्याचं. स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. त्यात महार, मराठा, जैन, मुसलमान सगळी पोरं एका पंगतीला जेवायची. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. 1927 साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं.

पैसा कुठून आणायचा? पोरं शेतात राबायची, भाजीपाला पिकवायची, स्वयंपाकही स्वतःच करायची. गावोगावच्या बायका दळणाच्या धान्यातून रोज एक मूठ बाजूला काढून ठेवायच्या. त्याला मुष्टिफंड म्हणत. मला वाटतं, खरी मेख इथंच आहे. देणगीदार एकदा देऊन विसरतो, पण रोज मूठभर ज्वारी काढणारी बाई शाळेत काय चाललंय याची चौकशी केल्याशिवाय राहत नाही. तरीही कोठी रिकामी व्हायचीच. लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नींनी, अंगावरचे दागिने तर मोडलेच, शेवटी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही विकायला दिलं. 1930 साली त्या वारल्या. संस्थेचा मोठा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही.

पोरं शिकायला तयार झाली, तर शिकवणार कोण, हा दुसरा पेच. शहरातला मास्तर आडगावात टिकत नाही, हे दुखणं तेव्हाही होतं. म्हणून 1935 साली भाऊरावांनी साताऱ्यात मास्तर तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. पुढं त्यांनी शाळा नसलेल्या गावांत व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या. जागा गावानं द्यायची, मग ती चावडी असो की देऊळ. अशा शाळा पाचशेच्या वर गेल्या आणि नंतर सरकारी शिक्षण मंडळांकडं सोपवल्या गेल्या. मधे स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारशी बिनसलं आणि अनुदान बंद पडलं. त्या दिवसांत लोकांच्या वर्गणीवरच शाळा तगल्या, मग अनुदान परत चालू झालं.

आपल्या संभाजीनगर जिल्ह्याकडं पाहा. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पोरंही बैलगाडीत बसून जातात. ती मागं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण आजीच्या हाती पोर ठेवायचं तर आईबापाचा गावावर भरवसा पाहिजे, आणि तो कागदावरच्या मंजुरीनं येत नसतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद महिला असायला पाहिजेत असं ठरवलंय. सरपंच मंडळींनी आपल्या गावच्या समितीचं रजिस्टर एकदा उघडून बघावं. सह्या किती आणि प्रत्यक्ष बैठकीला आलेले किती, ते लगेच कळेल. बैठक रानात जायच्या वेळेला ठेवली तर कोण येणार? सांजच्याला ठेवली तर बायाही येतील.

भाऊरावांना 1959 साली पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी 9 मे रोजी ते गेले.