कै. मनोहरभाई पटेल आणि विडीचा पसारा

जुन्या भंडारा जिल्ह्यात कै. मनोहरभाई पटेल हे नाव ऐकले नाही असा माणूस विरळाच. पण शिक्षणसंस्थांचे संस्थापक म्हणून त्यांच्या तसबिरीस हार घालून आपण मोकळे होतो. ज्या धंद्यावर हे सारे उभे राहिले, तिकडे सहसा पाहत नाही.

मनोहरभाईंचा जन्म ९ फेब्रुवारी १९०६ रोजी गुजरातेत नडियाद येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच. लहान वयात ते गोंदियास आले, विडीच्या धंद्यात शिरले आणि छोटाभाई जेठाभाई पटेल या पेढीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

विडीचा कारखाना म्हणजे काही एक इमारत नव्हे. कोठार, भट्टी आणि पुडे बांधणे एका ठिकाणी. विड्या मात्र वळल्या जातात गावोगावच्या शाखांत आणि घरांच्या ओसरीवर. सट्टेदाराने पान-तंबाखू तोलून द्यायची आणि हजारी हिशेबाने विड्या मोजून घ्यायच्या. तंबाखू येणार गुजरात वा निपाणीहून. तेंदूचे पान तर वर्षातून एकदाच, एप्रिल-मे महिन्यांत! सत्तर-सत्तर पानांचे पुडके पावसाच्या आत वाळून कोठारात पडले नाहीत, तर वर्षभराच्या कामाला खीळ. त्यात आपला मुलूख धानाचा. रोवणी लागली की विडी वळणारे हात चिखलात. १९४८ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने शेतीच्या हंगामात विडीकामावर बंदी घालण्याची तरतूद करणारा कायदाच केला. सागरकडील एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये तो रद्द ठरविला.

कोणत्या शाखेला किती पान, किती तंबाखू, हा अंदाज चुकला तर मालकाचा नफा घटे. पण हजारी मजुरीवर जगणाऱ्या बाईची चूलच थंड पडे. वर सट्टेदाराची छाट होतीच. या कामगारांसाठी केंद्राचा कायदा व्हायला १९६६ साल उजाडावे लागले. धंद्यातल्या यशाचे वर्णन करताना ही बाजू गाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मनोहरभाई आमदारही झाले. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. विखुरलेल्या गावांतून एक व्यवहार चालविण्याची सवय त्यांना येथे उपयोगी पडली असावी, असे माझे मत आहे.

१७ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने वनोपजाच्या व्यापाराचा कायदा करून तेंदूपानाचा व्यवहार आपल्या नियंत्रणाखाली आणला होता.